भाड्याच्या स्कूबा साहित्याची स्वच्छता : नवशिक्या डायव्हरने काय पाहावे, काय विचारावे, काय स्वतः करावे

स्कूबा डायव्हिंग शिकायला येणाऱ्या माणसाने पहिल्याच दिवशी सगळे साहित्य विकत घेऊन यावे, अशी अपेक्षा कोणी ठेवत नाही, आणि तसे करणे शहाणपणाचेही नसते. रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारे उपकरण) आणि बीसीडी (हवेने फुगवता येणारे जाकीट) या महागड्या वस्तू आहेत, वेटसूटचे माप पाण्यात उतरल्याशिवाय नीट कळत नाही, आणि हा छंद आपल्याला पुढे मानवेल का, याचा अंदाजही काही डाइव्ह झाल्यावरच येतो. म्हणून सुरुवातीला साहित्य भाड्यानेच घ्यावे. मात्र जो माउथपीस आज सकाळी तुम्ही दातांत धरणार आहात, तो काल संध्याकाळी बहुधा एखाद्या अनोळखी माणसाच्या दातांत होता. मधल्या काही तासांत त्याचे काय केले गेले, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

नवशिक्यांचे लक्ष बहुतेक वेळा वेटसूटच्या वासाकडे जाते आणि नाक मुरडून ते तिथेच थांबतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. वास मारणारा सूट त्रासदायक असतो, पण निरोगी आणि न फाटलेली त्वचा ही जंतूंसाठी बऱ्यापैकी भक्कम भिंत असते. तोंड, नाक आणि डोळे यांच्या आतली नाजूक, ओलसर त्वचा तशी नसते, आणि फुप्फुसे तर त्याहून नाजूक. त्यामुळे दिसायला लख्ख आणि वास न येणारा माउथपीस हा कुबट वेटसूटपेक्षा जास्त काळजीचा विषय असू शकतो. साहित्य तपासताना आधी तोंडाला लागणाऱ्या जागा, मग नाक-डोळ्यांना लागणाऱ्या, आणि शेवटी त्वचेला लागणाऱ्या, असा क्रम ठेवावा.

कशाची भीती बाळगावी आणि कशाची नको

लाळेवाटे पसरू शकणाऱ्या आजारांत सर्दी-खोकला, फ्लू, घशाचे संसर्ग, ओठांवर उठणारे हर्पिसचे फोड आणि ग्रंथिज्वर (मोनोन्यूक्लिओसिस) यांचा समावेश होतो. उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस चिवट असतो आणि अगदी थोड्या प्रमाणातही पुरतो. याखेरीज ओलाव्यात वाढणारे जंतू वेगळे : स्यूडोमोनास हा जीवाणू आणि निरनिराळ्या बुरश्या. त्यांना दुसऱ्या माणसाची गरज लागत नाही. न वाळवता गुंडाळून ठेवलेला सूट किंवा आत पाणी राहिलेली बीसीडी त्यांना पुरेशी असते.

एचआयव्हीबद्दल अनेक जण दबक्या आवाजात विचारतात, तर तो लाळेतून पसरत नाही. तसेच, व्यवस्थित धुतलेले साहित्य वापरणाऱ्या निरोगी माणसाला त्यातून आजार होण्याची शक्यता कमी असते. घाबरून डायव्हिंग सोडावे असे यात काहीही नाही. मात्र ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे किंवा आजारामुळे कमी झालेली आहे, त्यांनी कोर्सआधीची वैद्यकीय प्रश्नावली प्रामाणिकपणे भरावी आणि स्वतःच्या डॉक्टरांशी या मुद्द्यावर वेगळे बोलून घ्यावे.

तीन गैरसमज मात्र आधीच दूर करायला हवेत. पहिला असा की समुद्राच्या खाऱ्या पाण्यात सगळे जंतू मरतात. तसे होत नाही, समुद्राच्या पाण्यात जीवाणू मुबलक असतात. दुसरा असा की पोहण्याच्या तलावातल्या क्लोरीनमुळे साहित्य आपोआप निर्जंतुक होते. तलावात मुक्त क्लोरीनचे प्रमाण साधारणपणे १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत १ ते ३ भाग) ठेवले जाते, तर वस्तूंच्या निर्जंतुकीकरणासाठी वापरल्या जाणाऱ्या ब्लीचच्या द्रावणात ते १,००० पीपीएमच्या आसपास असते. हा फरक शेकडो पटींचा आहे. तिसरा गैरसमज उन्हाचा. ऊन साहित्य वाळवते, आणि वाळवणे महत्त्वाचे असते, पण माउथपीसच्या आतल्या खाचेपर्यंत ऊन पोहोचत नाही आणि कडक उन्हात निओप्रीन (वेटसूटचे रबरी कापड) लवकर खराब होते, ते वेगळेच.

पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

डाइव्ह सेंटर निवडताना फोनवर किंवा संदेशातून स्वच्छतेबद्दल विचारावे. "तुमचे साहित्य स्वच्छ असते ना?" असा प्रश्न विचारून उपयोग नसतो, कारण त्याचे उत्तर "हो" हेच येणार. त्याऐवजी असे विचारावे, की एका ग्राहकाने परत केलेला रेग्युलेटर दुसऱ्याला देण्याआधी तुम्ही कशात बुडवता, किती वेळ बुडवता, आणि ते द्रावण किती वेळाने बदलता? रोज हे काम करणारा कर्मचारी द्रावणाचे नाव आणि वेळ सहज सांगतो. "पाण्यात खंगाळतो" एवढेच उत्तर आले, तर ते सेंटर साहित्य धुते पण निर्जंतुक करत नाही, असे समजावे. धुण्याने मीठ आणि वाळू निघते, लाळेतले विषाणू भरवशाने निघत नाहीत.

दुसरा प्रश्न बीसीडीबद्दल असावा : तिचे आतले ब्लॅडर, म्हणजे हवेची पिशवी, धुतले जाते का, आणि साधारण कधी? हा प्रश्न ऐकून समोरचा माणूस गोंधळला, तर माझ्या मते ती सर्वांत बोलकी खूण आहे, कारण आतून धुण्याचे काम बाहेरून दिसत नाही आणि टाळण्यासारखे काम पहिल्यांदा तिथेच टाळले जाते. तिसरा प्रश्न साधा आहे. स्वतःचा माउथपीस आणला, तर तो बसवून मिळेल का? बहुतेक चांगल्या सेंटरना यात अडचण नसते.

हे विचारताना संकोच वाटतो, विशेषतः नवशिक्याला, कारण आपण शिकायला आलो आहोत आणि समोरचा जाणकार आहे, असे वाटत असते. तरीही विचारावे. जी माणसे पाण्याखाली तुमच्या श्वासाची जबाबदारी घेणार आहेत, त्यांना तुमचा एक सरळ प्रश्न जड होता कामा नये.

स्वतःचे काय असावे

मास्क सर्वांत आधी घ्यावा. तो चेहऱ्याच्या ठेवणीप्रमाणे बसावा लागतो, नाक आणि डोळे त्याच्या आत असतात, आणि कोर्समध्ये मास्कमध्ये पाणी घेऊन ते नाकाने फुंकून बाहेर काढण्याचा सराव पुन्हा पुन्हा करावा लागतो. म्हणजे भाड्याच्या मास्कमध्ये आधीच्या शिकाऊ माणसाचे नाक अक्षरशः रिकामे झालेले असते. त्यानंतर स्नॉर्कल.

तिसरी वस्तू म्हणजे रेग्युलेटरचा सिलिकॉनचा माउथपीस. पूर्ण रेग्युलेटरच्या मानाने त्याची किंमत अगदी किरकोळ असते, तो बहुतेक सेकंड स्टेजवर (रेग्युलेटरच्या तोंडाकडच्या भागावर) बसतो, आणि स्वच्छतेचा सर्वांत मोठा प्रश्न त्याने बराचसा सुटतो. तो जागेवर घट्ट बांधण्यासाठी सोबत बारीक झिप टायच्या दोन-चार पट्ट्या ठेवाव्यात. गरम पाण्यात मऊ करून स्वतःच्या दातांच्या ठशाप्रमाणे बसवता येणारे माउथपीसही मिळतात. ज्यांचा जबडा लवकर दुखतो, त्यांना ते सोयीचे पडतात.

चौथी वस्तू सूटच्या आत घालायचा पातळ लायक्रा सूट, किंवा निदान पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड आणि लांब लेगिंग. पाचवी, बुटांच्या आत घालायचे पातळ निओप्रीनचे किंवा लायक्राचे मोजे. बाकी सगळे निर्धास्तपणे भाड्याने घ्यावे.

रेग्युलेटर : इथे वेळ द्यावा

रेग्युलेटर हातात आला की आधी दोन्ही सेकंड स्टेज एकेक करून पाहाव्यात. एक मुख्य, जिच्यातून तुम्ही श्वास घेणार, आणि दुसरी, सहसा पिवळ्या रंगाची, जिला ऑक्टोपस म्हणतात. ऑक्टोपस जोडीदाराच्या अडचणीच्या वेळेसाठी असतो, त्यामुळे तो "वापरलेला नाही" असे गृहीत धरून धुताना वगळला जातो. प्रत्यक्षात प्रत्येक प्राथमिक कोर्समध्ये जोडीदाराच्या पर्यायी रेग्युलेटरमधून श्वास घेण्याचा सराव असतो, म्हणून शिकाऊ वर्गातला ऑक्टोपस मुख्य रेग्युलेटरइतकाच उष्टा असतो. शिवाय तो नीट अडकवलेला नसेल, तर बोटीच्या फरशीवर आणि वाळूत लोळतो.

माउथपीस उजेडाकडे धरून पाहावा. दातांत धरायच्या दोन जिभांवर चावल्याच्या खोल खुणा किंवा चिरा असतील, तर तो बदलून मागावा. चिरांमध्ये घाण साठते आणि जंतुनाशक नीट पोहोचत नाही. जीभ अर्धवट तुटलेली असेल, तर रेग्युलेटर तोंडातून निसटण्याचा धोका वेगळाच. मग बोटाने माउथपीसची कड हलकेच मागे ओढून, तो प्लास्टिकच्या नळीवर जिथे बसतो त्या सांध्यात पाहावे. सगळ्यात जास्त मळ इथे सापडतो : वाळूचे कण, पांढरट बुळबुळीत थर, कधी काळे ठिपके. काळे ठिपके बहुधा बुरशीचे असतात आणि सिलिकॉनमध्ये मुरलेले असतील तर ते धुऊन जात नाहीत. असा माउथपीस सरळ नाकारावा.

स्वतःचा माउथपीस बसवायचा असेल, तर ते काम कर्मचाऱ्याकडून करून घ्यावे आणि नंतर स्वतः तपासावे. झिप टाय खाचेत पूर्ण बसलेली आहे का, तिचे कापलेले टोक ओठाला टोचत नाही ना, आणि माउथपीस जोर लावून ओढला तरी जागचा हलत नाही ना, या तिन्ही गोष्टी पाहाव्यात. पाण्याखाली माउथपीस दातांत राहून रेग्युलेटर गळून पडणे ही घाबरवणारी घटना आहे, आणि ती जवळजवळ नेहमी सैल पट्टीमुळे घडते.

आता निर्जंतुकीकरण. सेंटरवर ते झालेले असेल तर उत्तमच. खात्री वाटत नसेल, तर तुमच्यासमोर करून देण्याची विनंती करावी, किंवा परवानगी घेऊन स्वतः करावे. परवानगीशिवाय स्वतःच्या पिशवीतले रसायन सेंटरच्या रेग्युलेटरवर वापरू नये, कारण त्याच्या देखभालीची जबाबदारी त्यांची असते.

सर्वांत आधी साध्या गोड्या पाण्याने आणि मऊ ब्रशने माउथपीस व आजूबाजूचा भाग घासून घ्यावा. ही पायरी वगळली तर पुढचे सगळे बरेचसे वाया जाते, कारण लाळ, माती आणि शेवाळी थर क्लोरीनला आधीच खाऊन टाकतात आणि जंतूंसाठी फारसे काही उरत नाही. त्यानंतर जंतुनाशक. डाइव्ह सेंटरमध्ये सामान्यतः दोन प्रकार दिसतात : क्वाटर्नरी अमोनियम संयुगांवर आधारलेली तयार द्रावणे, आणि घरगुती ब्लीच. पहिला प्रकार साहित्याला मानवणारा असतो, मात्र साबणाचा अंश राहिला तर त्याचा परिणाम घटतो, म्हणून आधी साबण वापरला असेल तर तो पूर्ण धुऊन काढावा. तयार द्रावण बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच मिसळावे आणि तिथे लिहिलेली संपर्काची वेळ पाळावी. फवारा मारून लगेच पुसून टाकणे म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. ती वेळ भरेपर्यंत पृष्ठभाग ओलाच राहायला हवा.

ब्लीच वापरायचे असेल, तर ते सुगंध किंवा इतर मिश्रण नसलेले असावे. ५ टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट असेल, तर १ लिटर पाण्यात २० मिलिलिटर मिसळल्यावर सुमारे १,००० पीपीएमचे द्रावण तयार होते. त्यात वस्तू किमान १ मिनिट, आणि बाटलीवर जास्त वेळ लिहिली असेल तर तितका वेळ ठेवावी, मग भरपूर गोड्या पाण्याने धुवावी. गरजेपेक्षा जास्त वेळ भिजत ठेवल्यास रबर, कापड आणि धातू यांना इजा होते. द्रावण रोज ताजे करावे, कालचे आज वापरू नये. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कोणतेही आम्ल मिसळू नये, तसेच अमोनिया असलेले क्लीनरही मिसळू नयेत. दोन्ही बाबतींत विषारी वायू तयार होतात. क्वाटर्नरी अमोनियमचे द्रावण आणि ब्लीचही एकत्र करू नये.

सेकंड स्टेज द्रावणात बुडवताना एक चूक हमखास होते. रेग्युलेटर सिलिंडरला जोडलेला नसताना पुढचे पर्ज बटण (हवेच्या झोताने आतले पाणी बाहेर काढण्याचे बटण) दाबले, तर आतला व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी होजमधून (नळीतून) थेट फर्स्ट स्टेजकडे, म्हणजे सिलिंडरवर बसणाऱ्या भागाकडे, जाऊ शकते. म्हणून बटणाला हात लावू नये, होज वर धरावी आणि फर्स्ट स्टेजवर तिचे टोपण घट्ट बसवलेले असावे. सगळ्यांत चांगले म्हणजे रेग्युलेटर सिलिंडरला जोडून, हवा सुरू करून मगच हे करावे. धुऊन झाल्यावर बटण एक-दोन सेकंद दाबून आत राहिलेले पाणी आणि रसायन हवेच्या झोताने बाहेर काढावे, आणि मग दोन-चार श्वास घेऊन पाहावे.

माउथवॉशने रेग्युलेटर खंगाळण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. तोंडाला चव बरी लागते, पण त्याला निर्जंतुकीकरण म्हणता येणार नाही. अल्कोहोलच्या पुसण्या घाईच्या वेळी अगदीच काही नसण्यापेक्षा बऱ्या, पण त्या सांध्यात पोहोचत नाहीत, चटकन वाळतात, आणि वारंवार वापरल्यास रबरी भाग कोरडे पडतात. सिलिंडर भरण्याच्या जागेजवळ, आणि जास्त ऑक्सिजन असलेल्या मिश्रणासाठी वापरल्या जाणाऱ्या साहित्यावर, अल्कोहोल टाळावेच. ते ज्वलनशील असते.

धुऊनही श्वासाला वास येत असेल, तर तो माउथपीसचा की हवेचा, हे ओळखता येते. रेग्युलेटर तोंडापासून दूर धरून पर्ज बटण दाबावे आणि बाहेर येणाऱ्या झोताचा वास घ्यावा. त्यात तेलाचा किंवा धुराचा वास असेल, तर दोष सिलिंडरमधल्या हवेत आहे. तो धुऊन जाणारा नाही. तो सिलिंडर वापरू नये आणि त्याच कॉम्प्रेसरवर भरलेल्या इतर सिलिंडरांबद्दलही विचारणा करावी. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, म्हणून तेलकट वास हा सौम्य इशारा मानू नये.

बीसीडीच्या आतली ओल

बीसीडी म्हणजे हवेने फुगवता येणारे जाकीट. प्रत्येक डाइव्हमध्ये तिच्या ब्लॅडरमध्ये थोडे पाणी शिरतेच. त्यात तोंडाने फुगवताना गेलेली लाळ आणि श्वासातली वाफ मिसळते, आणि हे सगळे अंधाऱ्या, उबदार पिशवीत राहते. बुरशी आणि जीवाणूंना याहून काय हवे? म्हणूनच बीसीडीतली हवा श्वासात ओढू नये, हा नियम नवशिक्याने पहिल्या दिवसापासून पाळावा. आतला दूषित तुषार थेट फुप्फुसात जाऊ शकतो.

तपासणी सोपी आहे. रिकामी बीसीडी उलटी धरून हलवावी, आत पाणी खळखळते का ते ऐकावे. मग इन्फ्लेटरचे (बीसीडी फुगवण्याच्या नळीचे) टोक सर्वांत खाली येईल असे धरून हवा सोडण्याचे बटण दाबावे आणि काय बाहेर येते ते पाहावे. स्वच्छ पाण्याचे दोन थेंब चालतील, कारण ती नुकतीच धुतल्याची खूण असू शकते. गढूळ, चिकट किंवा काळे कण असलेले पाणी आले, तर दुसरी बीसीडी मागावी. त्यानंतर सिलिंडरच्या हवेने ती फुगवावी, चेहरा बाजूला ठेवून बटण दाबावे, आणि बाहेर येणारी हवा हाताने नाकाकडे वळवून वास घ्यावा. कुबट, तळघरासारखा वास म्हणजे नकार.

आतून धुण्याची रीत अशी असते : होजमधून ब्लॅडरमध्ये साधारण पाव भाग गोडे पाणी भरायचे, ते हवेने फुगवायचे, सगळ्या बाजूंनी फिरवून हलवायचे आणि खालच्या व इन्फ्लेटरच्या तोंडातून पूर्ण काढायचे. मग निर्मात्याने सांगितलेले जंतुनाशक, पुन्हा गोडे पाणी, आणि अर्धवट फुगवून सावलीत वाळवणे. किनाऱ्यावर डाइव्हच्या अर्धा तास आधी हे होण्यासारखे नाही, म्हणूनच तो प्रश्न आरक्षणाआधी विचारायचा.

तुमच्या हातात असते ते इन्फ्लेटरचे छोटे तोंड. कोर्समध्ये पृष्ठभागावर आणि पाण्याखाली तोंडाने बीसीडी फुगवण्याचा सराव असतो, आणि हे टोक होजच्या शेवटी लोंबत असल्यामुळे सगळीकडे घासते. माउथपीसप्रमाणेच ते घासून, जंतुनाशक लावून, धुऊन घ्यावे. फुगवताना बटण फक्त श्वास सोडतानाच दाबावे, श्वास संपला की आधी बटण सोडावे, मग तोंड काढावे. ही सवय लागली, की आतली हवा चुकूनही तोंडात परत येत नाही.

मास्क भाड्याचाच असेल तर

काचेवर वाफ जमू नये म्हणून तिच्यावर थुंकून बोटाने चोळणे ही डायव्हरांची जुनी सवय आहे. स्वतःच्या मास्कमध्ये प्रत्येकाने हवे ते करावे, पण भाड्याच्या मास्कमध्ये असे करणे म्हणजे पुढच्या माणसाच्या डोळ्यांपाशी आपली लाळ ठेवणे. पाण्यात मिसळलेल्या बेबी शाम्पूचे दोन थेंब तेच काम करतात आणि डोळ्यांना झोंबत नाहीत.

मास्क मिळाल्यावर नाकाच्या खोबणीत आणि चेहऱ्याला टेकणाऱ्या सिलिकॉनच्या दुहेरी कडेच्या घडीत सौम्य साबणाचे बोट फिरवावे, मग वाहत्या गोड्या पाण्याने धुवावे. डोळे येण्याची साथ घडवणारे अ‍ॅडेनोव्हायरस कोरड्या पृष्ठभागावरही दीर्घकाळ टिकतात, त्यामुळे "हा मास्क आठवडाभर पडून होता" हे उत्तर पुरेसे मानू नये. तुमचेच डोळे आलेले असतील, तर भाड्याचा मास्क लावू नये. तो सराव पुढे ढकलावा.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी विशेष जपावे. अकँथामीबा नावाचा सूक्ष्मजीव समुद्राच्या, नळाच्या आणि तलावाच्या पाण्यातही आढळतो, आणि लेन्सखाली अडकला तर डोळ्याला गंभीर इजा करू शकतो. मास्कमध्ये पाणी घेण्याच्या सरावाच्या वेळी डोळे मिटावेत, एक दिवस वापरून टाकायच्या लेन्स लावाव्यात आणि डाइव्हनंतर त्या फेकून द्याव्यात. नंबरची काच असलेला स्वतःचा मास्क घेणे त्याहून बरे.

वेटसूट, बूट आणि लाज वाटणारा प्रश्न

वेटसूटमध्ये लघवी केली जाते का? हो, केली जाते. थंडी आणि पाण्याचा दाब यांमुळे हातापायांतले रक्त शरीराच्या मध्यभागाकडे सरकते, शरीराला वाटते की द्रव जास्त झाला आहे, आणि मूत्रपिंडे कामाला लागतात. ही नैसर्गिक क्रिया आहे, कोणाच्या संस्कारांचा प्रश्न नाही. तरीही भाड्याच्या सूटमध्ये ते टाळावे, डाइव्हच्या अगदी आधी जाऊन यावे, आणि झालेच तर पाण्यातच गळ्यापाशी सूट ओढून आत ताजे पाणी घ्यावे व परत करताना कर्मचाऱ्याला सांगावे, म्हणजे तो सूट वेगळा भिजवला जाईल. पाणी कमी पिऊन मात्र ही अडचण सोडवू नये. शरीरातले पाणी घटणे डायव्हिंगमध्ये धोकादायक मानले जाते.

सूट आतून उलटा करून गळा, काखा आणि जांघ पाहावी. सकाळच्या पहिल्या सत्रात सूट ओला असेल, तर तो रात्रभर वाळलेला नाही, आणि ओल्या निओप्रीनमध्येच स्यूडोमोनास वाढतो. त्याने केसांच्या मुळांशी खाजणारे लालसर, कधी पिवळ्या टोकाचे पुरळ येते, बहुधा सूट अंगाला घट्ट बसतो त्या भागावर आणि एक-दोन दिवसांत. आदल्या दिवशी दाढीच्या पात्याने पाय किंवा छाती भादरली असेल, तर हा धोका वाढतो, म्हणून ते काम आधीच उरकावे. उघडी जखम, गजकर्ण किंवा खरूज असेल, तर सूट भाड्याने घेऊच नये. त्यात पुढच्या माणसाचाही विचार आहे.

काहींना पुरळ जंतूंमुळे येत नाही, तर निओप्रीन तयार करताना वापरलेल्या थायोयुरियासारख्या रसायनांच्या अ‍ॅलर्जीमुळे येते. सूट बदलून, नवा कोरा वापरूनही त्याच जागी तशीच खाज सुटत असेल, तर ही शक्यता त्वचारोगतज्ज्ञांना सांगावी.

बुटांची काळजी सुटापेक्षा जास्त घ्यावी, कारण ते सर्वांत उशिरा वाळतात आणि चिखल्यांची बुरशी बोटांच्या बेचक्यांतच घर करते. बुटात हात घालून पाहावे, आतून ओलसर असेल तर दुसरा जोड मागावा, आणि स्वतःचे मोजे घालूनच पाय घालावा.

पाण्यात आणि बोटीवर

इतकी मेहनत करून धुतलेला रेग्युलेटर एका क्षणात पुन्हा दूषित होतो, तो बोटीवरच्या सामाईक टबात. या टबात सगळ्यांचे मास्क बुडवले जातात, थुंकी धुतली जाते, रेग्युलेटर खंगाळले जातात, आणि दिवसभर तेच पाणी उन्हात कोमट होत राहते. आपला मास्क किंवा माउथपीस त्यात बुडवू नये. पिण्याच्या पाण्याची एक बाटली केवळ खंगाळण्यासाठी जवळ ठेवावी. कॅमेऱ्यासाठी वेगळा ठेवलेला टबही या कामासाठी वापरू नये.

हवा वाटून घेण्याच्या सरावाआधी जोडीदाराशी आणि इन्स्ट्रक्टरशी बोलून घ्यावे. एकच रेग्युलेटर आळीपाळीने तोंडात घेण्याची जुनी पद्धत आता बहुतेक प्राथमिक कोर्समधून मागे पडली आहे. ऑक्टोपस वापरून हा सराव होतो, आणि दोघांचेही ऑक्टोपस त्या सत्राआधी निर्जंतुक करून घेता येतात. कोणाला सर्दी, खोकला किंवा ओठावर फोड असेल, तर त्याने ते आधी सांगावे. सर्दी असताना कानाचा दाब बहुधा नीट जुळवता येत नाही, त्यामुळे तसेही त्या दिवशी पाण्यात उतरू नये.

पाण्याखाली खरोखर हवेची अडचण आली, तर समोर येईल तो रेग्युलेटर तोंडात घ्यावा, तो वाळूत पडलेला असो वा कोणाच्याही तोंडातला असो. फुंकून किंवा पर्ज करून पाणी काढावे आणि श्वास घ्यावा. स्वच्छतेचा एकही नियम तिथे लागू होत नाही, आणि सराव करतानाच हे मनात पक्के असावे.

डाइव्ह संपल्यावर

ओला सूट अंगावर ठेवून गप्पा मारत बसू नये. तो लवकर उतरवावा, साबणाने आंघोळ करावी, बोटांच्या बेचक्या आणि कानाचा बाहेरचा भाग कोरडा करावा. कानात काडी घालू नये, आणि कानाच्या थेंबांची बाटली दुसऱ्याला वापरायला देऊ नये किंवा दुसऱ्याची घेऊ नये. स्वतःचा माउथपीस काढून घेतला असेल, तर तो धुऊन, पूर्ण वाळवूनच डबीत ठेवावा. ओला ठेवलेला माउथपीस काही आठवड्यांत भाड्याच्या माउथपीसपेक्षा वाईट होतो.

साहित्य परत करताना सापडलेले दोष सांगावेत : फाटलेला माउथपीस, बीसीडीतला वास, न वाळलेले बूट. शक्यतो त्या वस्तूवर चिठ्ठी अडकवून घ्यावी, नाहीतर ती पुन्हा त्याच खुंटीवर जाते.

पुढचे काही दिवस अंगाकडे लक्ष ठेवावे. सौम्य पुरळ बहुधा आपोआप ओसरते. ते पसरत असेल, ताप असेल, कान ओढल्यावर दुखत असेल, किंवा डोळा लाल होऊन उजेड सहन होत नसेल, तर डॉक्टरांकडे जावे. डाइव्हनंतर धाप लागणे, छातीत दुखणे, रक्तमिश्रित खोकला, सांधेदुखी किंवा हातापायांत मुंग्या ही लक्षणे मात्र संसर्गाची समजून घरी थांबू नये. ती दाबामुळे झालेल्या इजेची असू शकतात आणि त्यांवर तातडीने उपचार लागतात. कोणत्याही कारणाने डॉक्टरांकडे गेलात, तरी शेवटची डाइव्ह कधी केली, किती खोलीपर्यंत केली आणि साहित्य भाड्याचे होते का, हे त्यांनी न विचारताही सांगावे.